नझीहाच्या दोन ओळी

वरच्या मजल्यावरची नझीहा फार थकली की माझ्याकडे येऊन बसते. त्या दिवशी आली, मटार सोलायला घेतले आणि दाणे टरफलांच्या ढिगात टाकत राहिली. मी ते नंतर वेचून घेतले.

आमच्या स्फॅक्स शहरातल्या एका लहानशा कंपनीत ती तीस वर्षं रेल्वे फाटकांचे प्रोग्रॅम लिहिते आहे. कुठली वस्तू कुठे ठेवली आहे, याच्या चिठ्ठ्या प्रोग्रॅममध्ये असतात, आणि चिठ्ठीवर वस्तूचा प्रकारही लिहिलेला असतो. एका प्रकारची चिठ्ठी दुसऱ्याच्या जागी चालवायला गेलं, की प्रोग्रॅम लिहायची तिची ती कडक भाषा अडून बसते. नझीहा तिला सासू म्हणते. डबा न उघडताच ओरडते आणि बहुतेक वेळा बरोबर असते. पण सासूलाही गप्प करायची एक सोय आहे. तू बघू नकोस, जबाबदारी माझी, असं लिहून द्यायचं. अशी जबरदस्ती करणाऱ्याने शेजारी आपलं नाव आणि तारीख घालायची, हा त्यांच्या ऑफिसचा रिवाज.

दोन वर्षांपूर्वी गाडी ओळखणारी नवी उपकरणं रुळांवर बसली. नव्या नोंदीतला एकेक आकडा काढून जुन्या नोंदीत नीट भरायचा, हा सरळ रस्ता. त्याला तीन आठवडे लागले असते. साहेबांना, म्हणजे तिजानींना, ईदेच्या आधी काम हवं होतं आणि नझीहाची आई तेव्हा अंथरुणावर होती. तिने दोन्ही नोंदी ताडून पाहिल्या, तंतोतंत सारख्या होत्या. दोन ओळींत नवी नोंद जुनी म्हणून चालवायची जबरदस्ती केली आणि खाली नाव घातलं.

सहा महिन्यांनी ऑफिसातल्याच दुसऱ्या कुणी नव्या नोंदीत मध्येच, दर मिनिटाला किती चाकं पुढे गेली, तो चाकांचा आकडा घातला. पुढचं सगळं एकेक घर सरकलं. ‘रूळ मोकळा आहे का’ म्हणून फाटक जे वाचत होतं, तो आता चाकांचा आकडा होता. गाडी चालती असेल तर निभावून जायचं. पण ती फाटकाच्या अलीकडे थांबून राहिली, की आकडा शून्यावर येणार, शून्य म्हणजे मोकळा, म्हणजे फाटक उघडणार. आणि मग गाडी हलणार. हे तिने माझ्याकडे येण्याआधी, त्याच सकाळी टेबलावरच्या चाचणीत डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिजानींचं म्हणणं, आजवर कुणाला खरचटलंसुद्धा नाही. ऑक्टोबरच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्ती घालून टाकावी. आठ महिन्यांत नझीहाबाई निवृत्त होणार, आता स्वतःच्या नावाची दवंडी कशाला? आणि तिलाही ते पटत होतं, हे तिने मला लपवलं नाही.

मी म्हटलं, “पण आकडा तर दुसऱ्याने घातला ना?”

“त्या बिचाऱ्याला भाषेनेच अडवलं असतं गं. जिने ओरडायचं, तिचंच तोंड मी बांधून ठेवलेलं.”

मटार तसेच ठेवून तिने माझ्याच टेबलावर रेल्वेला पत्र लिहिलं. एकतीस फाटकांचे क्रमांक, त्या दोन ओळी, आपलं नाव. दुसऱ्या दिवसापासून सगळ्या फाटकांवर झेंडेवाले उभे राहिले. नझीहा तो तीन आठवड्यांचा सरळ रस्ता धरून बसली आणि तिजानी तिच्याशी बोलेनासे झाले.

पुढच्या शुक्रवारी आम्ही दोघी तिच्या बहिणीकडे महरसला निघालो. वाटेत एका फाटकावर झेंडेवाल्याने आमची शेअर टॅक्सी अडवली. दूरवर फॉस्फेटची मालगाडी नुसती उभी. वीस मिनिटं झाली, आत भट्टी झाली. ड्रायव्हर पुटपुटला की कुठल्याशा गाढवाने यंत्र बिघडवलंय आणि भाजतोय आपण. मागच्या सीटवरच्या एक बाई म्हणाल्या, गार खोलीत बसून पगार खातात मेले.

“मीच ती,” नझीहा म्हणाली.

ड्रायव्हरने आरशात तिच्याकडे पाहिलं, थट्टा समजला. “मग हात चालवा की, हाज्जा. बायको जेवायची थांबलीय माझी.”

“अजून अकरा दिवस.”

“बरं, तिला तसं कळवतो.”

झेंडेवाला जागचा हलला नाही. मालगाडीने धक्का खाल्ला आणि ती सरकू लागली. आमच्यासमोरून तिचे डबे एकेक करून जात होते, तेव्हा नझीहाचं डोकं माझ्या खांद्यावर कलंडलं होतं. तिला गाढ झोप लागली होती.