चालीचे राखणदार नाना

देवपूरच्या स्पीकरवाल्या नानांनी कौतुक करणाऱ्या माणसावर कधी विश्वास ठेवला नाही. "जो जास्त वाहवा करस, तोच चाल लई जास," म्हणजे तोच चाल चोरून नेतो, असं म्हणत ते वाहवा करणाऱ्याला दारापर्यंत पोचवायचे आणि आतून कडी लावायचे.

आज आमचा बँड पुण्या-मुंबईत तिकीट लावून वाजतो, पण त्याचा जन्म नानांच्या गोदामातला. लग्नातले भोंगे, ताडपत्र्या आणि वायरींची भेंडोळी सरकवून आम्ही चौघं तिथे अहिराणी गाणी रॉकच्या ढंगात बसवायचो. जागा फुकट, पहारा सक्तीचा. आल्याआल्या सगळ्यांचे मोबाईल नानांच्या डब्यात जायचे. बाहेर एखादी मोटारसायकल थांबली तरी नाना हात वर करून तालीम बंद पाडायचे. "कोना माणूस शे तो?" त्या बिचाऱ्याचं नुसतं पेट्रोल संपलेलं असायचं.

भीती अगदीच खोटी नव्हती. आमच्याकडे लग्नाच्या बँडवाल्यांच्या कानावर चाल पडली की पुढच्या हळदीत ती वाजते, आणि मूळ मालकच नक्कल करणारा ठरतो. आमचं पहिलं गाणं रेकॉर्डही झालं नव्हतं, तेवढ्यात अमळनेरच्या एका लग्नात स्पीकर लावायला गेलेल्या नानांनी ते वरातीत ऐकलं. परतले ते संतापून. संशय थेट रफिकवर गेला. रफिक आमचा कीबोर्डवाला. चाल त्यानेच बांधलेली, पण त्याचा मामा फैजपुरात लग्नाचा बँड चालवायचा. "स्वतःचीच चाल कोण चोरेल?" असं मी विचारलं, तर नाना माझ्याकडेही डोळे बारीक करून बघायला लागले. रफिक कीबोर्ड उचलून मामाकडे निघून गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्याशिवाय ते गाणं करण्यात काही अर्थ नव्हता.

पुढच्या लग्नात मी नानांना स्पीकर लावू लागायला गेलो होतो. बाकीचे 'हॅलो, हॅलो' करून माईक तपासतात. नानांनी माईक घेतला, डोळे मिटले आणि आमची चाल गुणगुणले. अख्खी, अंतऱ्यासकट, सगळ्या भोंग्यांतून. मंडपाबाहेर बसलेल्या क्लॅरिनेटवाल्याची बोटं लगेच हलायला लागली.

"नाना, हे काय?"

"माईक तपासी राहिनू," ते म्हणाले, आणि त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने फैजपूर गाठलं. मामाच्या अंगणात सगळ्या बँडवाल्यांसमोर नानांनी टोपी काढली. "चोर मीच शे, बेटा. तू चालच इतली गोड बांधी, तोंडमा राहिनीच नही."

रफिक म्हणाला, "नाना, आवडली हे आधी सांगितलं असतं तरी चाललं असतं." आणि कीबोर्ड घ्यायला आत गेला.

गाणं आलं तेव्हा खान्देशातल्या गावोगावी ते आधीच माहीत होतं. लोकांनी ते डोक्यावर घेतलं, आणि तिथून आमचं नाव झालं. हे सगळं नानांच्या गुणगुणण्याने घडलं, पण नानांना ते पटवता आलं नाही. आता त्यांना संशय फक्त स्वतःचा होता. गोदामाची किल्ली त्यांनी रफिकला दिली आणि तालमीला येणं सोडलं. गेल्या वर्षी ते गेले. तोवर त्यांच्या तोंडून पुन्हा एकही सूर कुणी ऐकला नाही.