ब्रह्मपुरीचा डाव

नीलम्मा बिराजदार यांना सोलापुरात दोन प्रकारची माणसं ओळखत. ज्यांच्या मुली त्यांच्या वर्गात इतिहास शिकत ती, आणि ज्यांना त्यांनी तोंडावर काही सुनावलं होतं ती. पुष्कळ जण दोन्हींत मोडत. वळसंगच्या कानडी बोलणाऱ्या घरातली ही मुलगी कॉलेजला निघाली तेव्हा चुलते म्हणाले होते, "बी.ए. होऊन भाकरी जास्त गोल होणार आहे काय?" तिनं उत्तर दिलं, "नाही. पण करपली तर का करपली ते सांगता येईल." चुलते पुढं तिच्या वाटेला गेले नाहीत.

नीलम्माबाईंनी वर्गासाठी एक खेळ काढला. मुली सनावळ्या पाठ करतात आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरतात, याचा त्यांना संताप होता. घरातली एक चौकड्यांची जुनी चादर घेतली, तिच्यावर धोब्याच्या शाईनं नद्या, घाट, गड काढले. चिंचोके म्हणजे पायदळ, कवड्या म्हणजे घोडदळ, सुपाऱ्या म्हणजे तोफा. एका पाळीत एकच काम: फौज हलवा, नाहीतर गड मजबूत करा, नाहीतर धान्य आणा. आणि मुख्य नियम असा की रसद तुटली की फौज उठवायची. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता. हा नियम कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

मुलींना खेळ आवडला, पण त्याचं खरं वेड लागलं मोठ्यांना. चौऱ्याहत्तर सालापासून दर रविवारी दुपारी नीलम्माबाईंच्या सोप्यात चादर पसरायची. शेजारचे आबासाहेब यायचे. वकिली सोडून दिलेली, पण वकिली बोलणं सुटलं नव्हतं. महानगरपालिकेत कारकून असलेला तरणा बाळासो यायचा. घरचे यजमान तिप्पण्णा सुताचे व्यापारी. ते खेळत नसत. चहा करायचे आणि काड्या टाकायचे.

दोघांनी खेळायचं, जिंकेल त्यानं पुढच्या डावाचा काळ ठरवायचा आणि बाजूही निवडायची, असा रिवाज होता. पहिला मान वडीलधारे म्हणून आबासाहेबांना दिला आणि तिथंच सगळं फसलं. त्यांनी काळ घेतला शिवाजी महाराजांचा, बाजू अर्थात मराठ्यांची. समोर मोगल. आता मोगल होऊन महाराजांचा गड कोण घेणार? बाळासोच्या हातात सुपाऱ्या आल्या की तो त्या बऱ्हाणपूरच्या पलीकडं नेऊन ठेवी आणि हात जोडी. "आपुन पडलो बगा, आबासाहेब. च्या आला का?" आबासाहेब जिंकायचे, पुन्हा तोच काळ, पुन्हा तीच बाजू. वर्षभर आबासाहेब अजिंक्य होते आणि चहा गरम असतानाच डाव संपत होता.

नीलम्माबाईंना खेळायचा होता ब्रह्मपुरीचा काळ. रायगड गेलेला, छत्रपती दूर जिंजीला, खजिना रिकामा, आणि खुद्द बादशहा मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला छावणी टाकून बसलेला. आपल्या जिल्ह्यात! एस.टी.नं सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत यावं एवढ्या अंतरावर.

"त्या काळात आपण हरतोय, बाई," आबासाहेब म्हणायचे. "हरायचा काळ कशाला खेळायचा?"

"हरत नाही. आपल्याला हरवता येत नाही. दोन्हींत फरक आहे, वकीलसाहेब."

"जिंका, मग काय तो काळ घ्या."

म्हणजे मोगल होऊन महाराजांना हरवा. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच आबासाहेब बिनघोर होते.

पावसाळा संपता संपता एका रविवारी नीलम्माबाई मोगलांच्या बाजूला पदर खोचून बसल्या. त्या पडल्या नाहीत. घाईही केली नाही. एकेक पाळी नुसती धान्यासाठी घालवली. आबासाहेब सवयीनं घोडदळ सुरतेकडं पिटाळत राहिले, कारण वर्षभरात घरी कुणी आलंच नव्हतं. वरच्या घाटाची वाट बंद झाली, मग खालची. चहा आला, निवला, त्याच्यावर साय धरली.

"री," तिप्पण्णांनी बायकोला थट्टेनं कानडीतलं 'अहो' घातलं, "आज घरचंच राज्य बुडवायला निघालात होय?"

चार सुपाऱ्या रायगडाच्या चौकडीला भिडल्या. बाळासोनं डोक्याला हात लावला. "बाई, नगा ओ. पाप लागंल."

हात नीलम्माबाईंचाही अडला. त्यांनीही लहानपणी तेच पोवाडे ऐकले होते. पण आता हात मागं घेतला तर हा खेळ असाच लुटुपुटीचा राहणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी गडावरचे चिंचोके उचलले आणि बाजूला ठेवले.

आबासाहेब उठले. टोपी घातली. "शोभत नाही तुम्हाला. इतिहास शिकवता!" म्हणाले आणि निघून गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही. बाळासो म्हणाला, "लई मनाला लावून घेतलंय त्यांनी. मापी मागून टाका की."

"कशाची? जिंकल्याची?" असं म्हणून नीलम्माबाईंनी चादर काखेत मारली, चिंचोक्यांची पिशवी घेतली आणि सरळ आबासाहेबांच्या घरी गेल्या. ते झोपाळ्यावर बसले होते. बाईंनी विचारलं नाही, सवरलं नाही, त्यांच्या पायांपुढं चादर पसरली.

"काळ ब्रह्मपुरीचा. मराठे मी. बादशहा तुम्ही."

"मी मोगल होणार नाही."

"मग मराठे लढणार कुणाशी? वाऱ्याशी? आबासाहेब, लिंबूटिंबूला हरवून कुणी शूर होत नाही. वर्षभर तुम्ही महाराजांपुढं बाहुला उभा केलात आणि तो पाडून टाळ्या घेतल्यात. अपमान कुणी केला, मी का तुम्ही?"

बाळासो मागोमाग येऊन दारात थांबला होता, त्याला खोकला आला. आबासाहेबांनी झोपाळा पायानं थांबवला. मग पायातल्या चपला काढून खाली बसले.

"मी पडणार नाही, सांगून ठेवतो."

"पडलात तर मी परत बसणार नाही."

आणि ते पडले नाहीत. वकिली डोकं पहिल्यांदाच कामाला लागलं होतं. पहिल्याच पाळीला त्यांनी मंगळवेढं धरलं, दुसरीला सगळी ज्वारी छावणीत. बाईंच्या कवड्या चौकड्यांतून नुसत्या पळत होत्या. रसद मारायची, पसार व्हायचं. एकदा तर छावणीच्या पिछाडीचं धान्य सगळं उठवलं तेव्हा बाळासो ओरडला, "आता कसं, बादशा?" आबासाहेबांनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं; छावणीत ज्वारी अजून होती. सांगोला गेला, माण गेला, साताऱ्याची वाट बंद झाली. जिंजीला निरोप न्यायला एक कवडी शिल्लक होती, ती तुंगभद्रेपाशी अडली. उन्हं उतरली तेव्हा नीलम्माबाईंकडं खेळायला पाळी होती, पण हलवायला काही नव्हतं.

"हरले," त्या म्हणाल्या. आवाजात रडं नव्हतं. कपाळावर घाम होता, आणि एवढ्या खूष त्या वर्षभरात कधी दिसल्या नव्हत्या.

आबासाहेबांनी चष्मा पुसला. जिंकल्यावर बोलायचं त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं, ते आज आठवलं नसावं. "मंगळवेढं तुम्ही आधी घ्यायला हवं होतं," ते म्हणाले.

"ठाऊक आहे. तुम्ही काळ सांगा."

बाळासोनं मान हलवली. आता परत शिवकाळ, परत आबासाहेबच मराठे. आबासाहेब दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून चादरीवर वाकले. तुंगभद्रेपाशी अडलेली कवडी त्यांनी बोटानं थोडी इकडून तिकडं सरकवून पाहिली, कुठून निसटता आलं असतं याचा अंदाज घेतल्यासारखं.

"काळ हाच," ते म्हणाले. "मराठे मी घेतो. बघू, या कोंडीतून काढता येतात का."

नीलम्माबाईंनी सुपाऱ्या आपल्या बाजूला ओढल्या आणि पहिली पाळी मंगळवेढ्यावर टाकली.