मंगलाबाईंच्या डागांचा पंचनामा

राजपुऱ्यातल्या मराठी मुलींच्या शाळेत मंगलाबाई नऊ वर्षं शिकवत होत्या आणि नऊ वर्षं त्यांच्या अंगावरचे लाल डाग कुणाला खुपले नव्हते. खुपले ते छप्पन सालच्या नोव्हेंबरनंतर. नवं राज्य झालं, नागपूरला जाणारे कागद भोपाळकडे वळले, आणि शिक्षकांना नव्या नोकरीत सामावून घेण्याआधी प्रत्येकाची तब्येत तपासा, असं फर्मान आलं. त्यासरशी शाळा कमिटीला दृष्टी आली.

डाग बाईंना लहानपणापासूनचे. नकाशातल्या बेटांसारखे, लालभडक, वळणावळणाच्या कडांचे. तळहातही जाड. डागांची खोड अशी की ते एका जागी टिकत नसत. आज दंडावर दिसला तो परवा मानेवर. उन्हानं, गार वाऱ्यानं, मनाला काही लागलं तरी नवा उमटे. त्यांच्या आईलाही तसंच होतं. सहा वर्षांच्या लेकीच्या, कमलच्या, गुडघ्यावर गेल्या उन्हाळ्यात पहिला डाग दिसला, तेव्हापासून बाई तिला घोट्यापर्यंत परकर घालत. नवरा वारलेला, घरात मिळवणारं दुसरं कुणी नाही.

आजचे डॉक्टर या दुखण्याची उकल करतात ती अशी. कातडीतल्या पेशी एकमेकींशी सतत बोलत असतात. शेजारच्या दोन पेशींना जोडणाऱ्या बारीक नळ्या असतात, त्या कनेक्झिन नावाच्या प्रथिनाच्या. त्यांतून निरोप जातात: आता वाढा, आता थांबा. बाईंच्या घराण्यात हे प्रथिन जरा वाकडं घडत होतं. निरोप चुकायचे आणि कातडी कुठे लाल, कुठे जाड व्हायची. ते कुणाला लागत नव्हतं, की कुणाच्या पापाचं फळही नव्हतं. छप्पन साली ही उकल कुणालाच ठाऊक नव्हती, म्हणून कमिटीला माफ करावं, तर तेही मन घेत नाही. ठाऊक नाही एवढं म्हणायला काही पैसे पडत नव्हते.

पण कमिटीचे अध्यक्ष होते विनायकराव, शनवाऱ्यातले कापडवाले. त्यांना सगळंच ठाऊक असे. त्यांनी दुकानाच्या गादीवर बसल्या बसल्या निदान केलं: महारोग.

"बाई, आम्हाले तुमच्याशी काही दुश्मनी नाही," ते म्हणाले, "पन लेकरायचा सवाल आहे."

शेताचा बांध सरकला की पाच जण उभे करून, मोजून, सह्या घेऊन पंचनामा करायची रीत. बाईच्या कातडीलाही तीच लावावी, असं या शहाण्यांना वाटलं. कमिटीतलेच पाच पंच शाळेत आले. परस्त्रीच्या जवळ कसं जायचं, असं तोंडानं म्हणत आणि मनातून लागणीला भीत पाचही जण वर्गाच्या उंबऱ्याबाहेरच थांबले. बाई फळ्याशी हात पुढे करून उभ्या. लोधीपुऱ्याच्या शालिग्राम केळीवाल्यांना चष्म्याशिवाय समोरचा घड दिसत नसे आणि चष्मा घरी राहिला होता, तरी मोजणी त्यांनीच केली. डाव्या हातावर दोन, तळहाताएवढे. हेडमास्तर दत्तात्रय गुरुजींनी ते वळणदार अक्षरात उतरवलं. शेवटी विनायकरावांनी एक ओळ घालायला लावली, डाग कायमचे आहेत, आणि पाच सह्या झाल्या.

पाव तास बाईंचे हात पुढे होते. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं. मग संतापच आला, कारण खिडकीतून मुली बघत होत्या आणि त्यांत कमल होती.

आठ दिवसांनी खंडव्याच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तो कागद उघडला आणि बाईंचा डावा हात पाहिला. हात स्वच्छ. त्यांनी कागद पुन्हा वाचला, हात पुन्हा पाहिला आणि पोट धरून हसले. पाच प्रतिष्ठितांनी मिळून थाप मारली म्हणायची. लिहिल्या जागी डाग नाही, बाई नोकरीला लायक, असं दोन ओळींत लिहून देतो, म्हणाले.

नोकरी वाचली होती. फक्त उठून गाडी गाठायची होती. पण बाई उठल्या नाहीत. पुढचा डाग उमटला की पुढचा पंचनामा, आणि आपल्यानंतर कमल फळ्याशी उभी, हे त्यांना लख्ख दिसलं. त्यांनी उजवी बाही कोपरावर सारली.

"साहेब, इथं आहे. उद्या दुसरीकडं असंल. नाही म्हणून लिहू नका. काय आहे ते पाहून लिहा."

डॉक्टरांचं हसू मावळलं. महारोगाच्या डागाला स्पर्श कळत नाही, एवढी साधी गोष्ट. पाच पंचांपैकी एकानं हात लावला असता तरी कळली असती. डॉक्टरांनी बाईंना डोळे मिटायला सांगून डागावर कापूस फिरवला, टाचणी टोचली, गरम आणि गार पाण्याच्या नळ्या टेकवल्या. बाईंनी प्रत्येक वेळी बरोबर सांगितलं. मग डॉक्टरांनी त्यांच्या आईची आणि लेकीची हकिकत विचारून पानभर लिहिलं: घराण्यातलं दुखणं, डाग जागा बदलतात, महारोग नाही, लागत नाही, नोकरीला लायक.

गुरुजींनी तो कागद कमिटीपुढे वाचला. शालिग्राम म्हणाले, डाग सरकताहेत असा आपल्याला तेव्हाच शक आला होता. विनायकरावांनी तर बाईंच्या सत्काराची टूम काढली. नारळ आणला, आणि तो बाईंच्या हातात न देता टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकले.

बाईंनी नारळाकडे पाहिलंही नाही. दाराशी उभ्या असलेल्या कमलला त्यांनी आत बोलावून शेजारी घेतलं आणि गुरुजींना म्हणाल्या, "हिच्या गुडघ्यावर आहे असाच डाग. आजच लिहून घ्या, माझ्यासमोर. कुणाला मोजायचा असंल तर जवळ येऊन, हात लावून मोजावा."

गुरुजींनी विनायकरावांकडे पाहिलं. विनायकराव धोतराचा सोगा सारखा करत होते. गुरुजी लिहू लागेपर्यंत बाई तिथेच उभ्या राहिल्या आणि खाली सही करायला एकही पंच पुढे आला नाही, तेव्हा ती बाईंनी स्वतः केली.