मोठे काका गाळात जातात

नोटाबंदीच्या आदल्या वर्षी डहाणूच्या खाडीतून उपसलेला गाळ टाकायला आम्ही आमची काठावरची खाजणाची जमीन दिली. चारही बाजूंनी बांध होता. गाळ खाली बसला, वर खारं पाणी राहिलं, आणि बाबांनी त्यात जिताड्याची पिल्लं सोडली. मोठे काका बांधावरून गावाला ऐकू जाईल असे ओरडले, "गाळात जाणार तुम्ही! सगळं घर गाळात घालणार!" पुढे मासे मोठे होईपर्यंत त्यांनी दुसरं काही म्हटलंच नाही. माझं तर डोकंच फिरायचं.

मासे धरायच्या दिवशी पाणी सोडून दिलं आणि खाली लोण्यासारखा गाळ उरला. जाळं ओढताना आई घसरली, मग बाबा, मग मी. उठायचं सोडून आम्ही हसतच बसलो. काका वरून सूचना देत होते. तेवढ्यात एक भलामोठा जिताडा जाळ्यावरून उडाला. काकांनी इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांनिशी उडी घेतली आणि ते कमरेपर्यंत रुतले. मासा मात्र छातीशी घट्ट धरलेला.

"काका, गेलात की गाळात!" मी ओरडले.

"गेलो तर गेलो!" काका म्हणाले. "आधी हा धर. मला नंतर काढा."