तिसरा सेन्सर
पालमला गाड्यांचं वायरिंग करणारा व्यंकटी हट्टी माणूस. बिघाडाचं कारण सापडल्याशिवाय सामान बदलायचा नाही. रामप्रसादची डिझेल पिकअप चढाला दम टाकायची. दुसऱ्या गॅरेजात दोनदा सेन्सर बदलूनही गुण नव्हता.

"मामा, तिसरा टाका अन् मोकळं व्हा," रामप्रसाद म्हणाला.

"कारण घावल्याबिगर मी उठत न्हाई."

सकाळपासून त्यानं एकेक वायर मीटर लावून तपासली. दुपारी सेन्सरचं सॉकेट उघडलं, तर आतल्या पिना गंजून हिरव्या पडलेल्या.

"इंजनावर काय वततूस रे?"

"दर आमुशाला नारळ फोडून पाणी घालतो. गाडी बिघडल्यापासून तर दोन-दोन फोडायलोय."

व्यंकटीनं पिना घासायला घेतल्या. "फोड की. पाणी मातर आता तू पीत जा."