रकाने फक्त तीन

कागद जपून ठेवायची आपल्याकडे भारी हौस, आणि ते निवडायला बसलं की किस्से आपोआप जमतात. माझ्याकडे तर पोतंभर झालेत. मी जालन्यात ज्युनिअर कॉलेजात शिकवते. बारावीचा निकाल लागला की पुण्याच्या एका कॉलेजचे फॉर्म भरून द्यायचं काम दर वर्षी माझ्याच गळ्यात पडतं. त्या फॉर्मात एक जागा आहे, 'मिळालेले पुरस्कार'. रकाने फक्त तीन!

*

गणेश तांदळाच्या रिकाम्या थैलीत सर्टिफिकेटं भरून आला. वृक्षदिंडी, स्वच्छता फेरी, सगळीकडे 'सहभाग'. पहिला नंबर एकाच ठिकाणी, स्लो सायकलिंगमध्ये. "मॅडम, इंजिनिअरिंगला हे चालंल का?" मी म्हटलं, टाकून तर बघू. चाललं की! आता चार वर्षांच्या कोर्सच्या सहाव्या वर्षाला आहे. त्याची आई बाजारात भेटली की म्हणते, औंदा संपनारच. मीही मान हलवते.

*

नजनीनला मराठी हस्ताक्षराचं पहिलं बक्षीस होतं. तिच्या अब्बांनी ते फ्रेम करून बांगड्यांच्या दुकानात लावलेलं. फ्रेम खोलायला बिलकुल तयार नाहीत! शेवटी दुकानात जाऊन फोटो काढला, तर काचेत मोबाइल धरलेली मीच. तसाच अपलोड केला. पोरगी गेली पुण्याला. अब्बा अजून गिऱ्हाइकाला आधी फ्रेम दाखवतात, मग बांगड्या. परवा बोलता बोलता म्हणाले, आजकाल तिचा फोन जरा कमी येतो.

*

केदारखेड्याच्या मुलींनी कबड्डीत नंबर काढला, पण सर्टिफिकेट मिळालं संघाला एकच. मग सातजणींनी पाळी लावली, एकेक महिना एकेकीच्या घरी. सुनीताला फॉर्मला ते लागलं, तेव्हा कुणाच्या घरी आहे तेच कळेना. हुडकत हुडकत ती एका मैत्रिणीच्या सासरी पोचली, अंबडला. लग्नातल्या साड्यांखाली निघालं. मैत्रीण म्हणाली, "आता तूच ठेव. बाकी कुनाला न्हाई लागनार."

सुनीताने मला हे हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही.

*

आणि वैशाली. हुशार पोरगी. वडील एमआयडीसीत, रोलिंग मिलमध्ये. हे कॉलेज मिळालं तर शिकणार, नाही तर आत्यानं बघून ठेवलेलं स्थळ, असं घरात ठरलेलं. म्हणून वडील कामावर जाता जाता स्वतः तिच्याबरोबर आले होते. पिशवीतून फाइल काढताना त्यांनी आधी जेवणाचा स्टीलचा डबा टेबलावर ठेवला. झाकणावर 'वैशाली' कोरलेलं. पोरीचा डबा पळवला का, म्हणून मी चेष्टा केली. ते नुसते हसले.

निबंध आणि विज्ञान प्रदर्शन, दोन रकाने भरले. तिसऱ्यासाठी शोधताना फाइलच्या तळाशी सातवीचं सर्टिफिकेट सापडलं. शंभर टक्के उपस्थिती, वर्षभरात एकही खाडा नाही! मी खूश. तिला म्हटलं, अगं, असलं कुणाकडेच नसतं, हेच टाकू.

"ते न्हाई टाकायचं, मॅडम."

माझी सवय वाईट. मी भाषण सुरू केलं. एकेका रकान्यावर सीट जाते, कळतं का, वेडी आहेस का, बरंच काही बोलले. मग वडीलच हळू आवाजात सांगू लागले.

त्या वर्षी तिची आई आजारी होती, घरीच. शाळेच्या शेवटच्या दिवशी सकाळी पोरगी आईजवळून हलेना. आईनंच बळं पाठवलं. वर्षभर खाडा केला नाही, आता एका दिवसासाठी बक्षीस घालवू नको म्हणाली. बक्षिसाला डबा होता. आईला तो डबा बघायचा होता.

"पोरगी डबा घिऊन पळत आली," ते म्हणाले, "तवर ती गेल्ती."

मी तिसरा रकाना रिकामा सोडला आणि फॉर्म पाठवून दिला. वडिलांनी डबा पिशवीत ठेवला. वैशालीनं ते सर्टिफिकेट उचललं, घडी घातली, दारापर्यंत गेली आणि परत आली.

"मॅडम, हे शाळेला वापस करता येतं का?"