सरांची छत्री

"माझा ढग समुद्रावरचा, काकू." आभाळाचं काहीही विचारा, आमचे भाडेकरू सर हात जोडून एवढंच म्हणायचे.

माणूस लातूरकडचा. पुण्याजवळच्या आमच्या चांद्यात आमची खालची खोली घेतलेली, आणि रोज पुण्याला जाऊन अभ्यास कशाचा, तर भुरभुरीचा! समुद्रावर म्हणे सखल ढग गोधडीसारखे पसरतात. त्यांतून भुरभुर सुटते, पुष्कळसे थेंब पाण्याला टेकायच्या आधीच हवेत विरतात.

"जे खाली पोचतच न्हाई, त्याचा पगार मिळतोय?" आमच्या मालकांनी विचारलं.

"त्या भुरभुरीनंच गोधडी फाटते, काका. ढग टिकणार की जाणार, ते ती ठरवते."

आमच्या आळीत मात्र ज्याला त्याला स्लॅब टाकायला कोरडा दिवस हवा. सर सांगत नाहीत म्हणजे नक्की मोठा माणूस, असं सगळ्यांनी ठरवलं आणि त्यांच्या छत्रीवर नजर ठेवली. छत्री पडवीत खिळ्याला दिसली, की मिक्सर सुरू! सर जन्मात छत्री नेत नव्हते, हे कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही. तुम्ही तरी वेगळं काय केलं असतं?

आम्हीही तेच केलं. वर खोली झाल्याशिवाय पोरगी देणार नाही, असं लेकाच्या होणाऱ्या सासरकडच्यांनी तोंडावर सांगितलेलं. सर रिकाम्या हातानं गेले. आम्ही नारळ फोडला, स्लॅब टाकला, आणि दुपारी पाऊस धो धो कोसळला. सर कामावरून आले ते तसेच वर चढले, आणि अंधार पडेस्तोवर ताडपत्रीचं टोक धरून उभे राहिले. मी तोंड सोडलंच.

"छत्री न्यायची न्हाई व्हय? तुमच्या जिवावर स्लॅब टाकला आमी!"

"काकू, मी तर कधीच नेत नाही."

स्लॅब वाचला, सून आली. पण तो वेडा माणूस स्लॅबच्या दुसऱ्या दिवसापासून रोज छत्री न्यायला लागला, भर वैशाखातसुद्धा. आपल्यामुळं कुणाचं घर बिघडायला नको, म्हणायचा. आळीतली बांधकामं ठप्प! लोकांनी किती शिव्या घातल्या, पण छत्री काही सुटली नाही.

मग सरांची समुद्रकाठी बदली झाली. छत्री त्यांनी खिळ्यालाच ठेवली. "माझ्या ढगाखाली ही लागत नाही, काकू." मी हसले, आणि रिक्षा वळल्यावर पदर डोळ्यांना लावला. लई गुणाचा माणूस.

परवा शेजारीण दारात आली. ताम्हिणी घाटाकडं आभाळ काळंकुट्ट झालेलं.

"काकू, सरांची छत्री कुटं हाय?"

"हितंच, खिळ्याला."

"मग टाकतो आमी स्लॅब!" म्हणत ती पळालीसुद्धा.

मी कपाळाला हात लावला, तोवर तिकडं मिक्सर सुरूही झाला. मग उठले, छत्री काढली, उघडली आणि आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. मिक्सर बंद झाला.